हेझलची काठी आणि काकांचा गुडघा

"हा गुडघा आता माझं काही ऐकत नाही," बुटाची नाडी बांधता बांधता प्रल्हादकाका कुरकुरले.

"कोणता?" शरयूकाकूंनी आरशात बघत टोपी नीट करत विचारलं.

काकांनी दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. "डावा."

"मागच्या शनिवारी उजवा होता."

"त्याचं बघून हा बिघडला," काका म्हणाले, आणि त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं.

मित्रांनो, उचलली गेली ती मी. वयानं जुनी, हेझलच्या लाकडाची, उंचीनं काकूंच्या खांद्याला लागेल एवढी, आणि डोक्याला दोन शिंगं असलेली काठी. हसू नका. ती शिंगं म्हणजे फांदीला मुळातच फुटलेलं बेचकं आहे. त्यात अंगठा टेकवला की तो असा बसतो, जणू त्याच्यासाठीच जागा राखून ठेवली होती. बाजारात मिळतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या घडीच्या काठ्यांना हे सुख नाही. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्या खुळखुळतात.

माझा जन्म वेल्समधला. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला हा मेंढ्यांचा आणि भुरभुर पावसाचा देश. तिथल्या एका समुद्रकाठच्या गावामागे जंगल आहे, तिथे मी वाढले. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण काकांना ते अजून म्हणता येत नाही आणि उगाच त्यांचा पाणउतारा नको. घरात सगळे त्याला 'आपलं गाव' म्हणतात.

हेझल म्हणजे तेच झाड, ज्याचे दाणे तुम्ही चॉकलेटमध्ये खाता. पानं गळून गेल्यावर एका म्हाताऱ्या कारागिरानं मला कापलं, इतर फांद्यांबरोबर माझी मोळी बांधली आणि शेडच्या आढ्याला टांगून दिली. वर्षाहून जास्त काळ मी तिथे नुसती वाळत होते. घाई केली तर काठी तडकते. नंतर त्यानं वाफ देऊन माझा पोक काढला, साल तशीच ठेवली, अंगाला जवसाचं तेल चोळलं आणि पायात पितळेची टोपी घातली. मग आपला सगळा भार माझ्यावर टाकून पाहिला. मी वाकले नाही. "गुड," तो म्हणाला. त्याच्या तोंडून शब्द सहसा निघत नसत, त्यामुळे हे त्याचं भाषणच होतं. ती माझी पहिली शाबासकी, आणि मी ती अजून जपून ठेवली आहे.

त्याच्या दुकानात एके दिवशी काका आणि काकू आले. ते अमेरिकेतले, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेल गावचे. म्हणजे मूळचे नाशिकचे, पण निवृत्तीनंतर लेकीकडे, चैत्रालीकडे राहायला आलेले. लेकीनंच त्यांना ही सहल घडवली होती. काकू नाशिकला शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांची शिट्टी वाजली की दोन गल्ल्या पलीकडची मुलंही रांगेत उभी राहायची, असं काका सांगतात. काका थोडं वाढवून सांगतात, पण काकूंची चाल पाहिली की खरं वाटतं. त्या कायम पुढे आणि काका कायम मागे, फोटो काढत.

काकूंनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं. "काठी म्हणजे म्हातारपणाची पाटी," त्या म्हणाल्या. "आपणहून कशाला गळ्यात अडकवून घ्यायची?"

"अगं, शोभेला," काका म्हणाले, आणि मी त्यांची झाले.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सोन्याचा. आपल्या गावचे रस्ते चालायला सोपे आहेत. एक वाट समुद्राच्या कडेनं सपाट जाते. डाव्या हाताला रंगीत घरं, उजव्या हाताला लाटा, आणि मध्ये कुत्री फिरवणारी माणसं, जी तुम्हाला कुत्र्याचं नाव आधी सांगतात, स्वतःचं नंतर. दुसरी वाट नदीच्या मुखापासून जंगलात शिरते. मे महिन्यात तिथे झाडांखाली निळ्या फुलांचा असा थर असतो की पाय कुठे ठेवावा कळत नाही. वाटेत एक लाकडी फाटक आहे, त्यातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. काका त्यात पोटामुळे अडकले, तेव्हा काकूंनी मला तरफेसारखं लावून त्यांना सोडवलं. बघा, शोभेची काठी.

तिसरी वाट टेकाडावरून दीपस्तंभाकडे जाते. तिथे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं आहेत. उन्हात त्यांना चक्क ओल्या नारळाचा वास येतो. काकू वाटेत उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "इथे कोण नारळ खवतंय?" तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं आणि दीपस्तंभ दिसेनासा झाला. अर्ध्यातून परत फिरावं लागलं.

"राहिलं ते राहू दे," काकू म्हणाल्या. "आपण परत येणार आहोत."

परतीच्या प्रवासात मी बॅगेत मावले नाही, म्हणून हातातून आले. अमेरिकेत उतरल्यावर काका कस्टमचा फॉर्म शोधत होते, त्यामुळे विमानतळावर मी काकूंच्या हातात होते. तिथल्या अधिकाऱ्यानं मला निरखलं आणि अदबीनं विचारलं, "इज इट युवर्स, मॅम?"

"नो," काकू झटकन म्हणाल्या. "हिज."

बॉथेलमध्ये मला कोपरा मिळाला आणि काम मिळालं. दर शनिवारी इथल्या काही मराठी मंडळींचा चालण्याचा ग्रुप असतो. तो जमवणारा सत्यजित नागपूरचा. इथल्या विद्यापीठात संशोधन करतो आणि पुढच्या शनिवारपर्यंत पुरेल एवढं बोलतो. कधी समुद्रकाठ, कधी देवदारांचं जंगल. डबक्याची खोली मी मोजली. वाटेवर आलेल्या काटेरी फांद्या मी बाजूला धरल्या. चहा ओतताना पिशवी माझ्या शिंगांना टांगली जायची. वाटेत केळ्याएवढी पिवळी गोगलगाय दिसली की काकांची नात नीना माझ्या टोकानं सगळ्यांना दाखवायची. ग्रुपच्या एकाही फोटोत मी नाही असं झालेलं नाही. पाहिजे तर बघा.

मग दोन वर्षांपूर्वी ती पायऱ्यांची गोष्ट घडली. जंगलातून किनाऱ्यावर उतरायला लाकडी पायऱ्या होत्या. नेहमी पुढे असणाऱ्या काकू मध्येच थांबल्या. कठडा धरून एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा पाय, असं उतरायला लागल्या. ओठ घट्ट मिटलेले. खालून सत्यजितनं विचारलं, "काकू, बरं आहे ना?"

काकू उत्तर देणार, त्याआधी मागून काका ओरडले, "अरे, मलाच जरा हात दे. गुडघा गेला माझा."

सगळे काकांकडे धावले. काकू निवांत खाली उतरल्या.

त्या दिवसापासून घरात एक गुडघा वाढला. "काकांसाठी फ्लॅट रूट घेऊ यार," असं म्हणत सत्यजित सोपे रस्ते शोधू लागला. चैत्रालीनं नी-कॅप मागवल्या, मलम मागवलं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. काका सगळ्यांचे आभार मानत आणि आठवण राहील तेवढा वेळ लंगडत. एकदा नीना म्हणाली, "आजोबा, यू फरगॉट टु लिंप." काका लगेच लंगडले.

मलमाचं काय व्हायचं, ते मी कोपऱ्यातून बघते. काका झोपण्याआधी नखाएवढं मलम धडधाकट गुडघ्याला लावतात आणि डबी उघडीच ठेवतात. मग काकू ती उचलतात. "महागाचं आहे, वाळून जाईल," असं म्हणत स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांना चांगलं चोळून लावतात. काका तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून असतात. या विषयावर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेले नाहीत.

मला मात्र कुणी फसवू शकत नाही, मित्रांनो. भार म्हणजे काय ते काठीला कळतं. काका मला घेऊन चालतात तेव्हा मी जमिनीला टेकते न टेकते. ते मला हवेत फिरवतात, माझ्यानं दिशा दाखवतात, बदकं हाकलतात. पण चढ आला की काकू म्हणतात, "जरा धरते हं, तुम्ही फोटो काढा." आणि मग माझ्यावर खरा भार येतो. अंगठा बेचक्यात रुततो, पितळेची टोपी मातीत घुसते. त्या कारागिरानं मला ज्यासाठी वाळवलं, वाफवलं, तपासलं, ते काम तेवढी चार पावलं मी करते. वर पोचलं की काकू मला परत देतात, जणू माझी त्यांची ओळखच नाही. कोपऱ्यात पडून राहण्याचं दुःख मला नाही. हातात असून उपयोग नसणं, हे दुःख मोठं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरातल्या काठीला वर्षाकाठी थोडं तेल लावा, ओली झाली तर पुसा, हीटरजवळ ठेवू नका. आणि ती कुणाच्या हातात आहे यापेक्षा कुणाच्या हातात असायला हवी, ते एकदा नीट बघा. ज्याला लागते त्यानं मागायला लाजू नये, आणि मागितली तर बाकीच्यांनी त्याला म्हातारा म्हणू नये.

हे मी आजच का सांगते आहे? कारण आजचा शनिवार.

आज सोपा किनारा होता. चालून झाल्यावर मंडळी बाकावर बसली. थर्मासमधला चहा निघाला, चिवडा निघाला. मी काका आणि काकूंच्या मध्ये टेकलेली. येत्या मे महिन्यात आपल्या गावी जायचं ठरलं आहे, तिकिटं काढून झाली आहेत. काकूंनी हिवाळाभर सगळ्यांना नारळाच्या वासाची झुडपं ऐकवली होती.

"बाबा, एक बोलायचं होतं," चैत्राली कप खाली ठेवत म्हणाली. "मी वेल्सची ट्रिप कॅन्सल करते आहे. तुमच्या गुडघ्याचं आधी बघायला हवं. सोमवारी ऑर्थोपेडिककडे अपॉइंटमेंट घेतली आहे. ते बहुतेक एमआरआय सांगतील."

काकांचा चिवड्याचा घास तोंडातच राहिला. गुडघा दुखतो म्हणावं तर सहल जाते. दुखत नाही म्हणावं तर दोन वर्षं सगळे कुणासाठी सपाट रस्ते चालले, हा प्रश्न येतो. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि घाईनं नजर वळवली.

"अगं, अपॉइंटमेंट कशाला," ते म्हणाले. "बसेल आपोआप."

"दोन वर्षांत बसला नाही तो आता बसणार आहे?"

"नेक्स्ट इयर जाऊ ना काका," सत्यजित समजुतीनं म्हणाला. "दीपस्तंभ कुठे पळून जातोय?"

"बट आजोबा जस्ट रॅन आफ्टर दॅट गूस," नीना चिवड्यातले शेंगदाणे वेचत म्हणाली.

"नीना," चैत्राली म्हणाली.

सगळे चहा पिऊ लागले. ज्यांचे कप रिकामे होते तेही. काका माझी साल नखानं कोरत बसले, जे ते कधी करत नाहीत. काकू पाण्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शाळेत शिट्टी वाजवण्याआधी अशाच ताठ बसत असतील.

"चैत्राली, अपॉइंटमेंट राहू दे," त्या म्हणाल्या. "फक्त नाव बदल."

"म्हणजे?"

"यांचे गुडघे ठणठणीत आहेत. दुखतात ते माझे. दोन्ही. त्या पायऱ्यांपासून."

काका हळूच म्हणाले, "शरयू, अगं..."

"पुरे झालं तुमचं लंगडणं. धड जमतही नाही तुम्हाला." काकूंचा आवाज किंचित हलला, पण वाकला नाही. "आणि तिकिटं रद्द करायची नाहीत. डॉक्टर काय सांगतील ते करीन. दीपस्तंभापर्यंत नाही पोचले, तर त्या झुडपांपर्यंत जाईन. हळू जाईन, बसत बसत जाईन, पण जाईन."

त्यांनी काकांपुढे हात पसरला.

"आणा ती काठी इकडे. माझी आहे ती."