दांडगीला सोडा

मी गाय बोलतेय. या गोठ्यातली, खिडकीजवळची. फाटकाशी टेम्पो येऊन उभा राहिलाय, तेव्हा जमेल तेवढं सांगून घेते.

मी इथेच जन्मले. पहिल्या वेताला कालवड दिली, दूधही भरपूर दिलं. तेव्हा धार काढताना मालकीण माझ्याशी गप्पा मारायची. पुढे मी गाभण राहिले नाही. दूध आटलं, तशा गप्पाही आटल्या. माणसांचं असंच असतं, बादली रिकामी वाजू लागली की नजर बदलते.

मागे कोपऱ्यातली भुरी अशीच भाकड ठरली. तिच्या जागेवर आता पेंडीची पोती आहेत. तेव्हापासून टेम्पोचा आवाज आला की माझा घास तोंडातच राहतो.

डॉक्टरांनी मला तपासलं. "गर्भपिशवी चांगली आहे. फक्त माज चुकवू नका. माजावर आली की कळवा, लगेच भरवू, म्हणजे गाभण राहील."

"डोळ्यांत तेल घालून बघतोय हो," मालक म्हणाले. "पण ही माज दाखवेल तर शपथ!"

अहो, दाखवत होते की! हंबरून गोठा डोक्यावर घेणं मला जमत नाही. माझा माज एवढाच, की दुसरी गाय अंगावर चढली तरी मी जागची हलत नाही. एरवी कोण उभं राहील?

शेजारच्या दांडगीला ते बरोबर कळायचं. वैरणीसाठी सगळ्यांना ढुशा देणारी ती, म्हणून तिचं नाव दांडगी. ती माझ्यावर चढायची आणि मालक काठी घेऊन धावायचे. "ए दांडगे, गरीब गाईला का छळतेस?" तिला आखडून बांधायचे आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. दर खेपेला हेच. मला भीती वाटायची, पण दांडगीची नाही.

आज सकाळी मी पुन्हा माजावर आले. दांडगी चढली. मालक धावत आले. "आज तरी सोड गं तिला. चालली ती." आणि त्यांनी दांडगीला खुंट्याला बांधून टाकलं.

टेम्पोतून आलेला व्यापारी माझं दावं सोडतोय. जन्मात हंबरले नव्हते, ती आता हंबरतेय.

"कळलंय हो तिला," मालकीण डोळे पुसत म्हणते.

कळलंय, बाई. म्हणूनच सांगतेय, रडू नका. दांडगीला सोडा. एकदाच सोडा, आणि बघा मी जागची हलते का.