दोन पावलं मागे

पेपरवाले या वेगवान गोलंदाजाला तोफ म्हणत. मी त्याचा मालिशवाला. बारा वर्षं, सतरा देशांत ही तोफ माझ्याच टेबलावर पालथी पडून कण्हत आली होती, त्यामुळे त्या कौतुकाचं मला फारसं काही वाटत नसे.

त्याचा रनअप एकोणीस पावलांचा. एक पाऊल इकडचं तिकडं झालं की दिवसभर गाडी रुळावर येत नसे. पस्तिशी उलटली, मणक्याला चीर गेली आणि पावलं आखूड झाली. जुन्या खुणेपासून एकवीस होऊ लागली. हे त्याला कळलं तर गडी आतून खचेल, म्हणून मी अतिशहाणपणा केला. रनअप मोजायची टेप माझ्या हातात असायची. खुणेचा पांढरा पट्टा मी गुपचूप दोन पावलं पुढं, स्टंपांकडं मारू लागलो. पुन्हा एकोणीस भरली. स्वारी खूश.

तेव्हापासून तो सांगू लागला, की मागून कोणीतरी धावतंय. मी चेष्टेवारी नेलं, लग्न कर म्हटलं, बायको धावेल मागं. तो हसला नाही.

"काका, तो माझ्या मागं दोन पावलांवरून सुरू करतो."

ती दोन पावलं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

मग ती सकाळ आली. निवड समितीचे तिघे लांब खुर्च्या टाकून बसले होते. त्यानं सहा चेंडू टाकायचे आणि मी पाठ ठणठणीत आहे असं सांगायचं, की दौरा पक्का. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक सामना खेळला तर चालणंही बंद होईल. तरी त्यानं गळ घातली आणि मी हो म्हटलं होतं. माझा जीव होता त्याच्यावर, त्याला नाही म्हणायची ताकद नव्हती.

पाच चेंडू कसेबसे पडले. सहाव्याला मलाही ऐकू आलं. खिळ्यांच्या बुटांचे दोन जोड धावत होते. मागच्याची पावलं लांब पडत होती, मोकळी, तरुण. ती चाल मी ओळखली. बारा वर्षांपूर्वी ती पाहूनच मी याच्याकडं नोकरी धरली होती.

तोफ क्रीजपाशी थांबली आणि कुणाला वाट द्यावी तशी बाजूला झाली. पलीकडं मधला स्टंप उडाला. तिघांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू त्याच्या मुठीतच होता.

तिघांतला एकजण जवळ येऊन पाठीबद्दल विचारू लागला. तोफेनं माझ्याकडं पाहिलं.

"गेलीय पाठ," मी म्हणालो. "याला घरी पाठवा."

ते निघून गेले. तो गवतावर बसून लहान पोरासारखा रडला, आणि मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मग डोळे पुसून तो हळूच म्हणाला,

"मी थांबलो, काका. त्याला कोण सांगणार?"

बुटांचा आवाज आमच्या शेजारून सावकाश मागं गेला. पट्ट्याच्याही पलीकडं जाऊन थांबला. मग धावायला लागला.