उखळातला हात

माम्पोंगच्या बाजारात दुफीच्या खाणावळीत फुफू खायला लोक लांबलांबून यायचे. उकडलेला कसावा आणि कच्ची केळी कुटून केलेला तो मऊ गोळा तिखट रश्शात बुडवायचा आणि न चावता गिळायचा. घशाला एक गाठ लागली तरी खाणावळीचं नाव गेलं म्हणून समजा. दुफीच्या फुफूत ती कधी लागली नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय ती आपल्या उजव्या हाताला द्यायची. कुटणारा उभ्यानं पुरुषभर उंचीचं मुसळ हाणायचा. मुसळ वर गेलं की खाली स्टुलावर बसलेली दुफी ओल्या हातानं गोळा उलटायची आणि मुसळ यायच्या आत हात काढून घ्यायची. यात बघायला किंवा बोलायला वेळ नसतो. हात आणि मुसळ आपसात ठरवून घेतात.

अद्दाई तिचा जुना कुटणारा. त्याच्या मुसळाखाली ती खुशाल रस्त्याकडे तोंड करून गिऱ्हाइकांची चेष्टा करत हात फिरवायची. आणि एका दुपारी तेच मुसळ तिच्या बोटांवर आलं.

"अरे मेल्या! लक्ष कुठं होतं? समोर अक्याच्या खाणावळीतल्या पोरींकडं?"

"मावशी, मी वेळेवरच आलो. तुमचाच हात आत राहिला."

"माझा हात? तुझ्या जन्माच्या आधीपासून हा हात उखळात आहे!"

"म्हणून तर म्हणतो, दमला असेल."

खाणारे खो खो हसले. दुफीनं त्याला तिथल्या तिथं घालवला. तो रस्ता ओलांडून अक्याकडे लागला, आणि दिवसभर समोरून त्याच्या मुसळाचा आवाज येऊ लागला. दुफीनं भाच्याला कुटायला उभं केलं. पुन्हा बोटं चेचली. भाचाही तेच म्हणाला आणि तोही गेला. मग एक दांडगा गवंडी आणला. त्याच्या वेळी बोटं वाचली, कारण मुसळ खाली यायच्या आधीच दुफी स्टुलावरून कलंडली होती.

तिची मुलगी पोकुआ तिला गाडीत घालून कुमासीच्या इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर अम्पोन्सा नावाची हसरी बाई होती. तिनं दुफीच्या छातीला तारा चिकटवल्या आणि यंत्रातून कागदाची लांब पट्टी काढली.

"ही बारकी लाट बघा, मावशी. हृदयाच्या वरच्या भागात एक ठिपका आहे. तो आपणहून वीज सोडतो. ती पसरली की वरचे कप्पे आवळतात आणि रक्त खाली ढकलतात. मग मध्ये एक चौकी लागते. तिथं वीज क्षणभर थांबते."

"थांबते कशाला? आळशी आहे?"

"खालचे कप्पे भरायला नकोत का? ते भरले की चौकी निरोप पुढं सोडते. मग खालचे कप्पे जोरात आवळतात आणि रक्त अंगभर जातं. ही उंच रेघ त्यांची."

दुफीनं पट्टी डोळ्यांजवळ धरली. बारक्या लाटा शहाण्यासारख्या एकामागून एक येत होत्या. उंच रेघा मात्र त्यांच्याकडे न बघता, मनाला येईल तेव्हा उगवत होत्या.

"या दोघांचं भांडण झालंय काय?"

"भांडण नाही. चौकीतून निरोपच जात नाही. वरचा बिचारा हाका मारतोय, आणि खालचा आपल्याच मर्जीनं रमतगमत चाललाय. मध्येच अगदी थांबतो. तेव्हा डोक्याला रक्त पोचत नाही. माणूस क्षणभर जागेवर नसतो. कधी त्याचं त्यालाही कळत नाही."

दुफी सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली. मग पोकुआला म्हणाली, "अद्दाई वेळेवर होता गं. मीच नव्हते."

"आता उखळ पुरे, आई. पुडीतलं पीठ आणू. चुलीवर घोटलं की झालं."

"ते माझ्या मयताला आलेल्यांना वाढ. तेसुद्धा शिव्या देतील." दुफी डॉक्टरकडे वळली. "मला एवढंच सांगा. मी पुन्हा उखळापाशी बसेन का?"

"अशा हृदयानं नाही. कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलं तर बसाल."

"त्याचा ताल माझ्याशी कसा जुळायचा?"

"ते आपला ताल लादत नाही. एका तारेनं वरच्याची हाक ऐकतं, जरासं थांबतं आणि दुसऱ्या तारेनं खालच्याला हलवतं. तुम्ही भरभर काम केलंत की वरचा भरभर हाक देतो. यंत्र त्याच्या मागोमाग."

"म्हणजे गुणी नोकर आहे. बसवा."

यंत्र बसलं. संकटातून परतलेल्या माणसाला देतात तसा पोकुआनं तिला पाम तेलात कालवलेला सुरण आणि उकडलेली अंडी खाऊ घातली. डॉक्टरनं सांगितलेली विश्रांती संपली, तशी दुफीनं गल्लीतल्या नाना बाफोंना गाठलं. चुकलेल्या माणसानं माफी मागायला स्वतः जायचं नसतं, वडीलधाऱ्याला पुढं घालायचं असतं. नाना टोपलीभर अंडी घेऊन अद्दाईकडे गेले आणि हसत परतले.

"अंडी घेतली. म्हणाला, अक्याचं उखळ तसंही तिरकं आहे."

दुसऱ्या दिवशी अद्दाई आला. दुफी स्टुलावर बसली, हात भिजवला. अद्दाईनं मुसळ उचललं, आणि ते वरच राहिलं.

"छपराला टेकू देतोयस काय?"

"आधी हात काढा, मावशी."

"काढलाय की!"

त्यानं मुसळ इतकं अलगद टेकवलं की कसाव्याला कळलंही नसेल. मग पुन्हा थांबला. उखळात गाठी तशाच. खाणाऱ्यांत चुळबुळ सुरू झाली आणि पोकुआ फडताळावर आणून ठेवलेल्या पिठाच्या पुडीकडे बघू लागली. दुफीनं ते पाहिलं. तिचं हृदय वळणावर आलं होतं, पण अद्दाईच्या मनात बसलेल्या भीतीपायी उखळ जाणार होतं.

तिनं हात पुसला आणि मनगट पुढं केलं. "धर नाडी. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

अद्दाई उकिडवा बसला, डोळे मिटले. दुफीनं तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांना झापलं आणि पोकुआला रस्सा ढवळायला लावला. हळूहळू अद्दाईच्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरू लागला.

"थांबत नाही," तो म्हणाला.

"थांबणार नाही. उठ."

त्यानं तळव्यांवर थुंकून मुसळ उचललं. धप्प. हात. धप्प. हात. गोळा चमकायला लागला, गाठी विरल्या, खाणाऱ्यांनी ताटल्या पुढं ओढल्या. दुफीनं तोंड रस्त्याकडे वळवलं आणि हात आणखी भरभर फिरवला.

"मावशी, जरा दमानं," अद्दाई घाम निथळत म्हणाला. "मला धाप लागली."

"अक्याकडं सुस्तावलास. हाण, लोक भुकेले आहेत!"