दहावा माणूस

हसाजी खड्ड्यातून वर आला आणि त्याने कुदळ बाजूला टाकली. कबर तयार होती. कडेला खाटेवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली म्हातारी. मुंबईच्या एका बगदादी यहुदी व्यापाऱ्याची ही आई. हवापालटासाठी ठाण्यात आली होती, आज सकाळी गेली. शुक्रवारचा दिवस मावळला की शब्बाथ, यहुद्यांचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागणार. त्याआधी तिला माती द्यायला हवी होती.

पण प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात आणि व्यापाऱ्याला धरून त्याची माणसं नऊच होती.

"दहावा गाडीने येतोय," व्यापारी म्हणाला.

"आम्ही एवढे उभे आहोत की, शेठ," मागच्या भाऊबंदांकडे हात करत हसाजी म्हणाला.

"तुम्ही तेली लोक. तुम्हाला त्यात धरता येत नाही."

हसाजीची कानशिलं तापली. तेलाचा घाणा हा त्याचा धंदा होता. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे; गावातले तेली मात्र त्यांना पंगतीला घेत नसत. 'आम्ही इस्राएल, आम्ही यहुदी,' हे सांगण्यात त्याच्या बापाचा जन्म गेला. तो बाप इथेच, चार हात पलीकडे पुरलेला होता.

"पुरायला जागा आमची चालते," हसाजी ओरडला. "तुमच्या आईला आंघोळ माझ्या बायकोनं घातली. तेव्हा तिचे हात चालले?"

व्यापारी स्टेशनच्या रस्त्याकडे बघत राहिला. गाडीची शिटी झाली, गाडी गेलीही. रस्त्यावर कुणी दिसेना. ऊन खाडीपलीकडे उतरलं.

शेवटी त्याने हसाजीकडे बोट केलं.

"तू. इकडे ये."

"जाऊ नकोस रे," मागून चुलतभाऊ एलोजी पुटपुटला.

हसाजी गेला. प्रार्थना झाली. प्रत्येक 'आमेन'ला त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला. माती लोटून झाल्यावर व्यापारी मागे न बघता टांग्यात चढला.

फाटकाशी हसाजीची बायको दिनाबाई उभी होती. तिने त्याच्या हातांवर पाणी घातलं.

"चुकलो म्हणाला का तो?"

"नाही."

"मग गेलात कसे?"

हसाजीने हात पुन्हा पाण्याखाली धरले. ते बोट आपल्याकडे वळलं तेव्हा छातीत आनंद उसळला होता, हे तिला कसं सांगणार? हात केव्हाच स्वच्छ झाले होते. तो ते फाटकाच्या दगडावर घासत राहिला.