डावीकडं उडालेला चास

माझी सासू चंद्रभागा मला घराबाहेर काढायला निघाली होती, ती एका कागदापायी. काय तर म्हणं, त्या कागदानं तिचा लेक खाल्ला!

लेक म्हणजे माझा नवरा, मुरारी. मुंबईला शिळाछापाच्या कारखान्यात, दगडावरची चित्रं कागदावर छापतात तिथं, दगड घासायचा. हाताला वळण चांगलं, म्हणून मालकानं एकदा दगडावर चित्र काढायला दिलं. देवादिकांची तिथं रोजच निघायची. यानं काढला आमच्या पोलादपूरच्या रानातला चास पक्षी, निळ्या पंखांचा. त्याचे ढिगानं कागद छापले, गरिबालाही परवडतील असे. त्यातला एक त्यानं गावी धाडला. मी करवंदीचे काटे टोचून कुडाच्या भिंतीला लावला. नुसती हरखून गेले होते!

सासूनं बघितलं न् कपाळाला हात लावला. "डावा चाललाय गो! काढ तो." आमच्याकडं चास उजवीकडं गेला तर वाट सुखाची, डावीकडं गेला की माणूस निघालेला माघारी फिरतो. मी म्हटलं, कागदावरचा पक्षी कुठं जातोय? नाय काढला.

शिमग्यानंतर मुरारी तापानं तिकडंच गेला. मंग काय! पाणवठ्यावर बाया माझ्याशी बोलेनात. "लेकराला ठेव न् माहेरची वाट धर," सासू म्हणाली. लेकरू अजून अंगावर पीत होतं. जीभ कशी उचलली हिची?

मुरारीची पेटी घेऊन कुशाबा आला, त्याच कारखान्यातला. कागद बघून म्हणाला, "वयनी, दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. मुरारीचा हात नवा. त्यानं उजवाच काढला हुता. मालकाला आवडला, तसाच छापला."

मी काटे उपसले. कागदाला मागून खोबरेल चोळलं. सासू लेकराला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. तिच्यापुढं कागद उन्हाला धरला, कागदाची पाठ तिच्याकडं करून. "बघा आत्याबाई, तुमच्या लेकानं काढला तो असा."

तेल मुरलेल्या कागदातून निळा चास उजवीकडं चालला होता.

सासू पुढं आली. चोचीवरून हळूच बोट फिरवलं. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकले गो. मला ते ऐकायचंच होतं, खोटं कशाला सांगू!

तिनं लेकरू माझ्याकडं दिलं आणि मटकन खाली बसली.

"उजवाच हाय गो," म्हणाली. "मंग माझा पोर का गेला?"