रडण्याचे दहा रुपये जादा

सावळीरामला कुणी सांगितलं, आज सोमवार आहे, तर तो आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा आणि मग ते चालू सालाचंच आहे ना याची खात्री करायचा. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हा गडी ताक फुंकायचा, ताकवालीचं गाव विचारायचा, आणि एवढं करून ताक प्यायचाच नाही. वय चोवीस, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या खात्यात कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, तरी लग्न जमेना. तीन स्थळं आली, तिन्ही ठिकाणी यानं मुलीच्या वयाचा दाखला मागितला. अशाला कोण देईल पोरगी?

१९८६ च्या एप्रिलात, भर दुपारी, शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवरचा वॉचमन मल्हारी त्याला म्हणाला, "तुमचे वडील आलेत. कधीचे बसलेत."

"कशावरून माझे वडील?"

मल्हारी या माणसाला ओळखून होता. त्यानं नुसतं बोट दाखवलं. निंबाच्या सावलीत कारभारी बसला होता. लासलगावच्या कांदा मार्केटात जन्मभर हमाली करून त्याचा एक खांदा खाली कलला होता. बापलेकांची तोंडं अडीच वर्षांनी समोरासमोर येत होती.

कारभारी उठला, पोराजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सावळ्या, तुझी आई गेली रं."

दुसरा कुणी असता तर मटकन खाली बसला असता. सावळीरामनं बापाच्या चपलांवर धूळ किती आहे ते बघितलं, मग डोळे बघितले. डोळे कोरडे होते. मग त्यानं विचारलं, "कशानं?"

काय दगडाच्या काळजाचा पोरगा, असं मल्हारीला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. पण थांबा जरा. हे वाक्य त्यानं बापाच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. आजची तेरावी वेळ होती.

गोष्ट एकोणसत्तर सालातली. लासलगावच्या मार्केटात एका सिनेमाचं शूटिंग आलं. कांद्याची बैलगाडी निघालीय आणि एक पोर रडत तिच्यामागं धावतंय, असा देखावा. शहरातून आणलेला पोरगा काही केल्या रडेना. तेवढ्यात सात वर्षांच्या सावळीरामनं बापाची कांद्याची पाटी सांडली, बापानं ठेवून दिली, आणि पोरानं असा काही सूर लावला की दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला. म्हणाला, हाच पाहिजे.

तिथून पुढं पाच वर्षांत सात सिनेमे झाले. सावळीराम हे नाव पोस्टरवर शोभत नाही म्हणून पडद्यावर तो झाला मास्टर अविनाश. कधी आंधळ्या आईचा मुलगा, कधी सावत्र आईनं छळलेला, कधी जत्रेत हरवलेला. काम एकच, रडायचं. कारभारी हमाली सोडून त्याच्याबरोबर कोल्हापूर-पुण्याला जाई. आई यशोदाबाई घरीच राही, मागं धाकटी दोन होती.

रोजचे पंधरा रुपये मिळत. रडण्याचा शॉट असला की दहा जादा. डोळ्यांत घालायचं औषध होतं, मोठी नटमंडळी तेच वापरत. पण ते घातलं की हे पोर डोळे चोळत बसे, आणि दिग्दर्शकाला खरे अश्रू हवे असत. आधी कारभारीनं चिमटे काढून पाहिले. पण दंडावरचे वळ पडद्यावर दिसायला लागले. मग एके दिवशी त्यानं पोराला भिंतीआड नेलं आणि कानात सांगितलं, "सावळ्या, तुझी आई गेली रं."

पोर दुपारभर रडलं. तीन शॉट झाले. संध्याकाळी कारभारीनं त्याला पावशेर जिलेबी आणली आणि म्हणाला, "गंमत केली रं. हाय ती घरी."

एकदा जमलं की माणूस दुसऱ्यांदा का सोडील? कारभारीनं बारा वेळा बायकोला मारलं. आणि काय सांगावं, लासलगावात तंबूतला सिनेमा आला तेव्हा वस्तीतल्या सगळ्या जयभीमवाल्या बाया यशोदाबाईला घेऊन पुढं बसल्या. पडद्यावर पोरगा रडला तशी तीही पदर तोंडाला लावून रडली. तो कुणासाठी रडतोय हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाराव्या वेळी पोर बारा वर्षांचं होतं. कारभारीनं कानात सांगितलं, आणि पोरानं मान वर करून शांतपणे विचारलं, "आज कशानं गेली?" कारभारी अडखळला. म्हणाला, "ताप... नाय, साप चावला." पोर कॅमेऱ्यापुढं गेलं ते कोरडं ठणठणीत. दिग्दर्शकानं चार वेळा घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा बोलावला. संपला मास्टर अविनाश.

पण लोकांच्या डोक्यातून थोडाच संपतो? वस्तीत बोलायचे, कारभारीनं पोराचे लाख रुपये दाबलेत. सावळीराम मोठा झाला, आयटीआय झाला, नोकरीला लागला, आणि पहिल्या दिवाळीला घरी येऊन त्यानं बापाला सरळ विचारलं, "माझे पैसे कुठायत?" कारभारी म्हणाला, "खाल्लं ते काय व्हतं?" बस्स. सावळीराम आल्या पावली परत फिरला, तो पुन्हा गेला नाही. आईला लिहिता येत नव्हतं. बापानं मास्तरांकडून लिहून घेतलेली दोन पत्रं मागच्या सहा महिन्यांत आली होती. आई आजारी हाय, येऊन जा. सावळीरामनं ती वाचून ठेवून दिली. आजारपणाच्या आडून पैसे मागायचे असणार, दुसरं काय.

आणि आज हे.

"कशानं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"पोटात गाठ व्हती. पत्रात लिवलं व्हतं की. निफाडच्या डाक्टरनं मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं व्हतं. पहाटं गेली."

या वेळी म्हातारा अडखळला नाही. पण सावळीराम असा सोडणारा नव्हता. "पहाटे गेली, आणि तुम्ही स्वतः आलात? मातीपाशी कोण आहे? घरधनी कधी सांगावा घेऊन फिरतो का? भाऊबंदातला माणूस पाठवतात."

ही गोष्ट खरीच होती. आपल्याकडे बायकोचं प्रेत घरात ठेवून नवरा गावोगाव फिरत नाही. पण कारभारी म्हणाला, "बुधाला पाठवलं व्हतं ना मागल्या साली तुझ्याकडं? माझा सख्खा पुतण्या. त्याला तू इचारलं, तूच बुधा कशावरून. पान्याचा गलास बी दिला नाय. आता कोन येतंय तुझ्या दारी?"

तसं सावळीरामनं खरंच विचारलं होतं. तो निघाला, पण मनात पक्कं धरून निघाला की हे खोटं आहे आणि म्हाताऱ्याला घरच्या उंबऱ्यावर, आईच्या समोर, रंगेहाथ पकडायचं.

नाशिकच्या द्वारका चौकात लासलगावची एसटी धरायची होती. तिकीट सावळीरामनं फक्त स्वतःचं काढायचं ठरवलं होतं. पण एसटी यायच्या आधी कारभारी म्हणाला, "थांब, कापड घ्यायचंय," आणि रस्ता ओलांडून दुकानात शिरला. सावळीराम दारात उभा राहून बघत होता. आता हा वळून माझ्याकडे पैसे मागणार, मागितले की समजायचं. म्हाताऱ्यानं पांढरं लुगडं घेतलं, मेणबत्त्यांचा पुडा घेतला. मग कनवटीची गाठ सोडली आणि चुरगळलेल्या नोटा एकेक सरळ करून स्वतःच्या हातानं दुकानदाराला दिल्या.

आणि इथं सावळीरामचा हिशोब चुकला.

कारभारीला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. हा माणूस बिडी अर्धी ओढून कानावर ठेवायचा. चहा दुसऱ्यानं पाजला तर प्यायचा. खोट्यासाठी हा शब्द खर्च करील, पैसा नाही. बारा वेळांत त्यानं खोट्यावर पावशेर जिलेबीपलीकडं काही घातलं नव्हतं. म्हणजे आई खरंच गेली. मेलीच.

पिंपळगाव मागं पडलं तशी त्याला रड फुटली. बारा वर्षांत एकदाही न आलेली रड, ती गाडीभर लोकांसमोर आली. दोन पत्रं आली होती आणि आपण ती वाचून ठेवून दिली, याचंच त्याला राहून राहून वाटत होतं. आईनं शेवटी दाराकडं बघितलं असेल. आपल्याला विचारलं असेल. शेजारच्या बाईनं त्याला तांब्या दिला, पाठीवरून हात फिरवला. कंडक्टरनं तिकिटाचे उरलेले पैसे दिले ते त्यानं मोजलेही नाहीत. कारभारी खिडकीबाहेर बघत होता. त्यानं एकदाही पोराकडं मान वळवली नाही.

लासलगावला उतरून दोघं मार्केटच्या मागच्या वस्तीत आले. वस्तीत कुणी गोळा झालं नव्हतं. सावळीराम दारापाशी पोचला, तर उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन यशोदाबाई बसलेली. हाडं उरली होती नुसती, पण बसलेली होती, आणि खडे वेचत होती.

"आलास व्हय रं," ती म्हणाली.

सावळीराम तिथंच धुळीत बसला आणि आईचे पाय धरले. जन्मात झाला नसेल एवढा आनंद त्याला झाला, आणि तो आनंद पुरता होतो न होतो तोच अंगाचा तिळपापड झाला. तेराव्यांदा! एवढा शहाणा होऊन, नोकरीचा माणूस होऊन, तेराव्या वेळी याला बापानं रडवलं.

"डोळे का लाल तुझे?" आईनं विचारलं. मग तिचं लक्ष नवऱ्याच्या काखेतल्या कापडाकडं गेलं. तिनं हात पुढं करून ते ओढलं, उलगडलं. पांढरंशुभ्र लुगडं. "हे कोनासाठी आनलंत?"

मग सावळीरामनं तोंड उघडलं, आणि पाच वर्षांचं सगळं बाहेर काढलं. कोल्हापूरची भिंत, जिलेबी, ताप, साप. आजचं गेट, द्वारका, एसटी. यशोदाबाई ऐकत राहिली. सगळं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माझ्या मरनाचे किती मिळायचे?"

"दहा रुपये जादा," सावळीराम म्हणाला.

"अगं, हमालीत दिसाचे तीन मिळत नव्हते तवा," कारभारी खाली बघत म्हणाला. "लाख म्हन्त्यात लोक. सगळे मिळून चार हजार बी नाय झाले. ह्याची नाशिकची शाळा, बोर्डिंग. तुझं धाकटीच्या वेळचं दवाखान्याचं. आन् हे पत्रे घातले."

सावळीरामनं मनात हिशोब केला. जमत होता. तरी त्याला वाटलं, हाही म्हाताऱ्यानं वाटेत जुळवला असेल.

यशोदाबाईनं वर पत्र्यांकडं बघितलं. "म्हंजी माझ्या मरनाखालीच झोपत व्हते मी इतकी वर्सं." ती रागावली नव्हती. राग आला असता तर बरं झालं असतं. "आन् आज काय नड व्हती?"

"नड?" कारभारीचा आवाज चढला. "सोमवारी सिव्हिल हास्पिटलात बोलावलंय तुला, आप्रेशन हाय. तू म्हन्ती, सावळ्याचं तोंड बघितल्याबगर आप्रेशनच्या कागदावर आंगठा उठवनार नाय. दोन पत्रं टाकली, पोर आलं नाय. आजारी म्हनलं तर येत नाय. मेली म्हनलं की येतो. मी काय करायचं व्हतं?"

आई मेल्याचं ऐकल्याशिवाय सावळीराम आला नसता, हे त्यालाही कळत होतं. त्याला बापाचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

यशोदाबाईनं लुगड्याची नीट घडी घातली. सूप बाजूला सारलं.

"सोमवारी जाते मी," ती म्हणाली. "सावळ्या, तू चल संगं. आत नेतील तवा दाराशी तूच उभा ऱ्हा. माझं बरंवाईट काय व्हईल ते सोताच्या डोळ्यांनी बघ, दुसऱ्याकडनं ऐकू नको." मग नवऱ्याकडं वळली. "तुमी घरीच थांबा."

"घरी?" कारभारी उठून उभा राहिला. "अगं, म्या हितं बसून काय करू? मला कसं कळल?"

"सावळ्या यील. त्यो सांगल."

म्हातारा पोराकडं बघत राहिला. तेरा वेळा ज्याच्या कानात ते वाक्य सांगितलं होतं, त्याच्याकडं.

"सावळ्या," तो म्हणाला, "खरं सांगशील ना रं?"

आई सावळीरामचा हात धरून उठायला लागली होती, तिला त्यानं आत नेलं. म्हातारा उंबऱ्यावर उभा राहून उत्तराची वाट बघत होता.