साठ फूट खाली

ओर्सोलाने पीठ घोटता घोटता हात थांबवला. तांब्याच्या पातेल्यात मक्याचं पीठ रटरटत होतं, पण हा आवाज त्याचा नव्हता. तो चुलीच्या फरशीखालून येत होता. ठक्. थोडी उसंत. पुन्हा ठक्.

तिने पातेलं खाली उतरवलं आणि मागच्या दाराने बाहेर आली. स्वयंपाकघरामागे हातभर उंचीचं लाकडी कुंपण होतं आणि आत मातीचा एक लहानसा उंचवटा. ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि तिने कान जमिनीला लावला. इथे आवाज जास्त स्पष्ट होता.

ओर्सोला आणि तिचा नवरा पाचिफिको डोंगरातल्या आपल्या खोऱ्यातून सोन्यासाठी समुद्र ओलांडून व्हिक्टोरियात आले तेव्हा त्यांची मुलगी मेंगा तीन वर्षांची होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिला तापाने नेलं. तेव्हा इथे तंबूंशिवाय काही नव्हतं. दफनभूमी नव्हती, पाद्री महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचा. पाचिफिकोने तंबूच्या मागेच खड्डा खणला. पुढे सोनं खणायचं सोडून नवराबायकोने खाणावळ बांधली, तीही तिथेच, स्वयंपाकघराची खिडकी त्या जागेवर उघडेल अशी. रस्त्यापासून एवढी आत खाणावळ कुणी बांधतं का, असं गिऱ्हाईकं अजूनही विचारायची. पाचिफिको म्हणायचा, आत धूळ कमी येते.

ओर्सोला उठली आणि पुढच्या दालनात गेली. पाचिफिको नव्हता. हल्ली दुपारी तो असायचाच नाही. संध्याकाळी चिखलाने माखून परत यायचा आणि लाकडं बघायला गेलो होतो म्हणायचा. पलीकडच्या तंबूंमध्ये पत्ते कुटत असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. बाकावर एकटा फेलिम बसला होता. हा म्हातारा आयरिश माणूस रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा.

"फेलिम, मालक कुठे गेलेत?"

"मला काय विचारता मालकीणबाई? मालक नसले की मी माझा पेला माझ्या हाताने भरतो. माझी काही तक्रार नाही."

"खाली कोण खणतंय?"

फेलिमने पेला ठेवला. "ट्रेंबाथची माणसं. सोन्याचा पट्टा इकडे वळलाय म्हणतात. पाचिफिकोने हो म्हटलं तेव्हाच…" त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

दिवस मावळता पाचिफिको आला. ओर्सोला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तू त्यांना हो म्हणालास?"

त्याने टोपी काढली. कशाबद्दल, असं विचारायच्या भानगडीत तो पडला नाही.

"नाही म्हटलं असतं तरी ते गेलेच असते, ओर्सोला. जमिनीखालचं सगळं राणीचं."

"मग राणीने हो म्हणायचं होतं. तू का म्हणालास?"

तो नखांतली माती काढत राहिला. "वरचं सोनं संपलं. ट्रेंबाथ गेला की त्याची माणसं जातील. मग हे दार कुणासाठी उघडं ठेवायचं?"

"आणि तुझा हिस्सा?"

"आहे."

तिने पलंगाखालची पेटी ओढली आणि कपडे भरायला घेतले. परवा मेलबर्नची गाडी होती. तिथून पुढे कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण ज्या घरात चुलीखाली कुदळी चालतात तिथे तिला राहायचं नव्हतं. पाचिफिको चौकटीला टेकून बघत उभा होता.

"तिचं नाव तरी घे एकदा," ती कपड्यांकडे बघत म्हणाली. "ती गेल्यापासून मी तुझ्या तोंडून ते ऐकलेलं नाही. मला कधी कधी वाटतं, ती माझी एकटीचीच होती."

दालनातून कुणीतरी बिअरसाठी हाक मारली. तो तिकडे गेला.

सकाळी ओर्सोला ट्रेंबाथच्या खाणीवर गेली. ट्रेंबाथ कॉर्नवॉलचा, सात पिढ्यांचा खाणवाला. रहाटाशी उभा राहून तो दोर तपासत होता.

"मला खाली जायचंय," ती म्हणाली.

तो हसला. "बाई, तुमचा तो मक्याच्या पिठाचा पोलेंटा मी निमूट खातो, पण हे सांगू नका. खाणीत बाई उतरली की खाण रुसते. माझी पोरं हत्यारं टाकून निघून जातील."

"माझी मुलगी केव्हाची खालीच आहे."

ट्रेंबाथचं हसू मावळलं. त्याने रहाटावरच्या दोघांना बाजूला केलं, बादली ओढून तिच्यापुढे धरली आणि तिला स्वतःच्या हाताने खाली सोडलं. मग दोराला धरून तोही उतरला.

खाली गार होतं. मेणबत्तीच्या उजेडात भुयार जेमतेम दिसत होतं. ती वाकून त्याच्या मागे चालू लागली. दोन्ही बाजूंचे टेकू ओबडधोबड होते. झाडं तोडून सालीसकट उभी केलेली, काही वाकडी, काही फुटलेली. डोक्यावर माती सुटत होती.

"सांभाळून," ट्रेंबाथ म्हणाला. "थोडं पुढे गेलं की उभं राहता येतं."

आणि खरंच राहता आलं. तिने पाठ सरळ केली आणि वर बघितलं. इथली लाकडं वेगळी होती. साल सोललेली, चौकोनी तासलेली, एकमेकांना खेटून उभी. वरच्या तुळया खांबांच्या खाचांमध्ये अशा बसवल्या होत्या की मध्ये सुरीचं पातंही शिरू नये. खिळा एकही नव्हता. ही खाच तिच्या ओळखीची होती. तिकडे खोऱ्यात घरांची छपरं अशीच बसवत, कारण त्यांना दगडी फरशांचा आणि त्यावरच्या बर्फाचा भार पेलायचा असे.

तिने हात वर केला आणि तळवा तुळईवर ठेवला.

"ती इथेच वर आहे," ट्रेंबाथ हलक्या आवाजात म्हणाला. "मधे साठ फूट जमीन आहे. आम्ही इथे सुरुंग लावला नाही. नुसत्या कुदळी. महिना गेला, पोरं वैतागली. पण अटच तशी होती."

"कुणाची अट?"

ती थट्टा करतेय की काय, अशा नजरेने त्याने तिच्याकडे बघितलं.

"तुमच्या नवऱ्याची. रोज दुपारी येतो की. दुसऱ्या कुणाला इथल्या लाकडाला हात लावू देत नाही. पोरांनी एकदा विचारलं, बाबा रे, पट्टा संपला की आम्ही निघून जाणार, एवढं भक्कम कशाला? त्याची इंग्रजी तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणाला, मेंगा झोपलीय." ट्रेंबाथने मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. "आम्हाला वाटलं, मेंगा म्हणजे तुमच्याकडचा कुणी संत असेल; मुलगी, हे आज तुमच्याकडून कळलं. तेव्हापासून पोरं इथून जाताना टोपी काढतात."

 ओर्सोलाने एकेका खांबावरून हात फिरवत ती जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत पार केली. मग परत फिरली आणि पुन्हा तशीच गेली. एका खांबापाशी ती खाली बसली, बोटांनी माती चाचपली, बोटं नाकाशी धरून बघितली. ट्रेंबाथ मेणबत्ती धरून उभा राहिला. त्याने तिला घाई केली नाही.

ती खाणावळीत परतली तेव्हा पाचिफिको फेलिमच्या पेल्यात बिअर ओतत होता. तिच्या झग्याची किनार पिवळ्या चिखलाने भिजली होती. त्याने ती बघितली. इथे असली माती एकाच ठिकाणी होती.

"डावीकडच्या तिसऱ्या खांबाच्या बुडाशी ओल आलीय," ओर्सोला म्हणाली.

पेला भरून बिअर फळीवर सांडू लागली. "अहो मालक!" म्हणत फेलिमने घाईघाईने पेल्याला तोंड लावलं.

पाचिफिकोने सुरई सरळ केली. "बघितलीय मी. उद्या तिथे पाचर मारणार होतो."

"उद्यावर कशाला टाकतोस?" तिने त्याच्या हातून सुरई काढून घेतली. "आत्ता जा. इथलं मी बघते."